अकरा नंबरची जोडी

सम्राटला त्या दिवशी करायचं होतं ते काम जेमतेम अर्ध्या तासाचं. भैरीच्या रानात जायचं, अकरा नंबरच्या कॅमेऱ्यांतली जुनी कार्डं काढायची, नवी घालायची, बॅटऱ्या बदलायच्या आणि ऊन कलायच्या आत घरी यायचं. दोन वर्षांत असलं काम त्यानं शंभरदा केलं होतं. डोळे झाकून केलं असतं. फरक इतकाच, की आजवर तो कधी एकटा गेला नव्हता.

एकटं जायचं नाही, हा त्या कामाचा पहिला नियम. तो नियम त्याला ज्यानं शिकवला, त्या केरबाला, त्याच्या थोरल्या भावाला, जाऊन त्या दिवशी सोळा दिवस झाले होते.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

शाहूवाडीकडं करंजवाडी म्हणून चाळीस उंबऱ्यांचं गाव आहे. गावाच्या माथ्यावर भैरीचं रान. पार पश्चिमेला कड्याच्या अंगाला जे बारमाही हिरवं रान असतं, ते हे नव्हे. हे ऐनाचं, किंजळीचं, धावड्याचं कोरडं रान. होळीपासून पानं टाकायला लागतं आणि वैशाखात नुसती हाडं उभी केल्यासारखं दिसतं. खाली पोटरीभर पाचोळा. सरडा पळाला तरी कुणी माणूस चालत आल्यासारखा आवाज होतो.

या रानात गवे किती, अस्वलं किती, बिबट्या कुठून कुठं जातो, हे बघायला एका संस्थेनं कॅमेरे बांधले होते. जनावरांच्या वाटेवर, दोन बाजूंच्या दोन झाडांना, समोरासमोर, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. दोन अशासाठी, की बिबट्याच्या दोन कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. दोन्हीकडून फोटो मिळाला तरच तो ओळखता येतो. मधून काही उष्ण अंगाचं गेलं की दोन्ही कॅमेरे आपोआप फोटो काढतात. अशा एकवीस जोड्या होत्या आणि त्या सांभाळायला गावातली चार माणसं. केरबा त्यातला जुना. सम्राटला त्यानंच लावून घेतलं होतं, कारण सातवीतून शाळा सोडल्यापासून सम्राट कुठल्याच कामावर महिनाभर टिकला नव्हता.

जोडी बांधून झाली की ती चालते का ते बघावं लागतं. त्यासाठी एकानं जनावरासारखं हातागुडघ्यांवर मधून रांगत जायचं. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडं लक्ष ठेवायचं. रांगणाऱ्याला दिवा दिसत नाही, म्हणून तो विचारतो, "लागला का रं?" उभा असलेला सांगतो, "लागला." ते ऐकल्याशिवाय रांगणाऱ्यानं उठायचं नाही.

चारचौघांसमोर रांगायला बाकीच्यांना लाज वाटायची. केरबाला नव्हती. तो जीव ओतून रांगायचा. गवा व्हायचा तेव्हा मान खाली घालून जड पावलं टाकायचा, अस्वल व्हायचा तेव्हा ढुंगण हलवत जायचा. उभ्या असलेल्या सम्राटला हसू आवरायचं नाही. घरी केरबाची पाच वर्षांची पोर, क्रांती, तिलाही तो खेळ लागला होता. चुलीपासून पुढच्या सोप्यापर्यंत रांगत यायची आणि विचारायची, "लागला का?" कुणीतरी "लागला" म्हणेपर्यंत उठायची नाही. आई कामात असली तर पोर तशीच रांगून राहायची, कोपरं दुखेपर्यंत.

आता त्या दिवसाचं.

सोळा दिवसांपूर्वी सकाळी दोघं भाऊ एकाच गाडीवरून घरातून निघाले. स्नेहलवहिनीनं दोन डबे भरून दिले, दोघांचे. पण रानाकडं वळायच्या फाट्यावर सम्राटनं गाडी थांबवली. कोल्हापुरात त्याच्या तालमीच्या संघाची फुटबॉलची मॅच होती, फायनलची. त्याला जायचंच होतं.

केरबा म्हणाला, "आरं, नियम हाय. दोघांनी जायचं."

"एक दिवस एकटा जा की. गवा काय खातोय व्हय तुला?"

केरबा हसला. त्याला राग यायचाच नाही, हीच पंचाईत होती. म्हणाला, "जा. घरात सांगू नको. पाचला हितंच ये मला न्यायला." आणि सम्राटचा डबाही त्यानं आपल्या पिशवीत टाकला. मॅचला डबा घेऊन कोण जातं?

पाचला सम्राट फाट्यावर आला. सहापर्यंत उभा राहिला. मग रानात शिरला. अकरा नंबरच्या खाली, ओढ्याच्या कोरड्या खडकांत केरबा पडला होता. छातीवर गव्याच्या शिंगाची जखम होती. अंग गार होऊन गेलं होतं.

आणि तिथं सम्राटनं आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. गाव गोळा झालं, वनखात्याची माणसं आली, कुणीतरी विचारलं, "तू कुठं होतास?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी हितंच हुतो. गवा आडवा आला. मी ऐनावर चढलो. दादाला चढता आलं न्हाय."

खोटं एकदा बोललं की ते आपल्या पायानं चालायला लागतं. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. लोकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि वहिनी, जी तीन दिवस बोलली नव्हती, चौथ्या दिवशी त्याला म्हणाली, "शेवटाला तू हुतास जवळ, एवढंच बरं झालं सम्राट. एकटा न्हाय गेला ते." मग म्हणाली, "दोन्ही डबे रिकामे हुते पिशवीत. जेवलासा न्हवं दोघं, पोटभर?"

सम्राट म्हणाला, "जेवलो."

त्या रात्री तो गोठ्यात जाऊन ओकला. आपला डबाही दादानं खाल्ला असेल, नाहीतर वानरांना टाकला असेल, असं त्यानं मनाला सांगितलं. डबे नुसते रिकामे नव्हते. घासल्यासारखे लख्ख होते. त्यावर त्यानं विचार केला नाही.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी खिजर घरी आला. खिजर मुल्ला म्हणजे त्या चौघांचा म्होरक्या. चाळिशीचा, बडबड्या, पण त्या दिवशी नुसता चहाची कपबशी हातात धरून बसला होता. वहिनीच बोलली.

"खिजरभाऊ, एक मागू का? भिंतीवर हार घालून लावलाय त्यो फोटो नको मला. त्यात बी त्ये मेल्यासारखंच दिसत्यात. मला त्यांचा चालता बोलता फोटो पायजे. त्या दिवशीचा. अकरा नंबरात असंल न्हवं?"

"असंल की वैनी. तिथनंच गेलं असतील. दोघं बी असतील त्यात," खिजर म्हणाला. "उद्या जातो आम्ही, कार्डं आणतो. संस्थेच्या मलकापूरच्या खोलीवर मोठ्या पडद्यावर लावतो. तुम्ही या."

दोघं बी असतील. सम्राटच्या हातातला चहा सांडला.

कॅमेरा खोटं बोलत नाही, हे खिजरच सगळ्यांना सांगायचा. त्या मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर, वहिनीसमोर, केरबा एकटा रांगत जाताना दिसणार होता. एकटा. आणि त्या बाईला धरायला उरलेली एकच फांदी तुटणार होती.

"उद्या कशाला?" सम्राट उठून उभा राहिला. "मी आजच जातो. आत्ता."

"एकटा? गवा काय पावणं म्हणून वळखतो व्हय रं तुला?" खिजर बोलून गेला आणि त्यानंच जीभ चावली. "न्हाय, तसं न्हवं... पण थांब. जाऊ की उद्या."

सम्राट थांबणाऱ्यातला नव्हता. खिजर मोरीवर हात धुवायला गेला तेवढ्यात यानं त्याच्या पिशवीतली कार्डांची डबी आणि बॅटऱ्या काढल्या. दारातले बूट पायात चढवले. उजव्या बुटाची नाडी कधीच तुटली होती. कॅमेरे बांधायच्या पिवळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा त्यानं तिथं ओवला होता. केरबा त्याला हसायचा, म्हणायचा, तुला आता झाडाला बांधायला सोपं झालं. गाडी सुरू झाली तेव्हा वहिनी दारात येऊन काहीतरी म्हणाली. त्याला ऐकू आलं नाही.

ठरलं होतं सोपं. कार्ड काढायचं, दगडावर ठेवायचं, दुसऱ्या दगडानं ठेचायचं. खिजरला सांगायचं, मुंग्या गेल्या आत, कार्ड खराब झालं. पण त्याआधी एकदा, एकदाच, कॅमेऱ्याच्या आतल्या बोटभर पडद्यावर दादाला चालताना बघायचं.

गाडी पायवाटेच्या तोंडाला लावून तो चढायला लागला तेव्हा बारा वाजत आले होते. वैशाखातल्या भर दुपारचं रान रात्रीच्या रानापेक्षा वाईट, असं जुनी माणसं म्हणतात. रात्री निदान काहीतरी हलत असतं. दुपारी सगळं श्वास रोखून असतं. किड्यांची कर्कश किरकिर चालू होती, कानात तार ओढल्यासारखी. मध्येच ती एकदम थांबायची. का थांबली म्हणून माणूस थांबावा, तर पुन्हा सुरू व्हायची. तापलेल्या पाचोळ्याचा, करवंदाच्या चिकाचा, कुठल्या तरी जुन्या वणव्याचा वास. त्याच वर्षात कधी तरी मेलेल्या सांबराचा एक खूर वाटेत पडला होता.

सम्राट भराभर चालत होता आणि प्रत्येक पावलाला पाचोळा चुरचुरत होता. एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली, पण त्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो थांबला की पाचोळ्याचा आवाज लगेच थांबत नव्हता. एक पाऊल जास्त वाजायचं.

उतारावर स्वतःचीच पावलं घुमतात, त्यानं मनाशी म्हटलं. तिथं चढ होता.

अकरा नंबरची जागा एका खिंडीत आहे. दोन्हीकडून टेकाड, मधून जनावरांची वाट, वाटेच्या दोन बाजूंना दोन ऐन. कॅमेरे तसेच होते. झाडांच्या सुकलेल्या, मगरीच्या पाठीसारख्या सालीवर दोन हिरवट डब्या, एकमेकींकडं बघत. खाली ओढ्याकडं उतरणारा खडकाळ उतार. सम्राटनं तिकडं बघायचं टाळलं. वारा नव्हता, तरी तिकडून गोठ्यासारखा वास येत होता. गवे आसपास असले की असा वास येतो.

त्यानं हात चालवले. हातांना काम ठाऊक होतं. पहिला कॅमेरा उघडला, जुनं कार्ड काढून शर्टाच्या खिशात टाकलं, नवं घातलं, बॅटऱ्या बदलल्या, झाकण दाबलं. मग समोरचा. तसंच. उद्या खिजर येऊन बघेल तेव्हा जोडी चालू सापडली पाहिजे, नाहीतर संशय येईल. म्हणून तो वाटेवर आला, गुडघे टेकले, हात टेकले आणि रांगायला लागला.

ऊन डोक्यावर उभं होतं. वैशाखात आपल्याकडं एखादा दिवस असा येतो की भर दुपारी माणसाची सावलीच पडत नाही, बरोबर पायाखाली गडप होते. सम्राटनं हातांच्या पुढं, बाजूला जमिनीकडं बघितलं. सावली नव्हती. पाचोळा तळव्यांना भाजत होता. त्याच्या मनात दादाच होता. दादा इथंच, असाच रांगला असेल, मान खाली घालून. त्याचे डोळे भरून आले. आणि दोन वर्षांची सवय, ती काही माणसाला विचारून येत नाही. दोन कॅमेऱ्यांच्या मधोमध आल्यावर त्याच्या तोंडून आपोआप निघालं,

"लागला का रं?"

किड्यांची किरकिर थांबली.

"लागला."

सम्राट उठला. गुडघ्यांवरची माती झटकली. दोन पावलं चालला. आणि मग त्याच्या अंगावर काटा आला.

त्यानं गर्रकन मागं बघितलं. खिंड मोकळी. ऐनाची उघडी खोडं. पाचोळा.

तो आवाज दादाचा असता तर... तर त्याला चाललं असतं. तो तिथंच रडत बसला असता, ये म्हणाला असता. पण तो आवाज दादाचा नव्हता. सम्राटचाच होता. तोच घसा, तोच थोडासा कंटाळलेला सूर, दोन वर्षं ज्या सुरात तो दादाला सांगत आला होता. लागला.

म्हणजे आपणच बोललो, त्यानं ठरवलं. दुसरं काय असणार? सोळा दिवस धड झोप नाही, डोक्यावर ऊन. विचारलं आपणच, उत्तरही आपणच दिलं. माणूस एकटा पडला की दोघांचं बोलणं एकटाच बोलतो. वहिनी नाही का स्वयंपाक करताना दादाशी बोलत...

त्यानं पहिला कॅमेरा पुन्हा उघडला, खिशातलं जुनं कार्ड त्यात घातलं आणि आतला पडदा सुरू केला.

भेकर. भेकराचं पिल्लू. रात्रीचं साळिंदर, काटे पांढरेशुभ्र. तीन दिवस काहीच नाही. मग दिवसाउजेडीचा एक फोटो, खाली तारीख. ती तारीख. वेळ बारा वाजून दहा.

केरबा रांगत होता.

अस्वल झाला होता. मान वाकडी, ढुंगण हलवत. सम्राट हसला आणि रडला, दोन्ही एकदमच. बोटानं त्यानं पडद्यावरची दादाची पाठ पुसली, धूळ बसली होती म्हणून. आणि मग त्याला केरबाच्या मागचं दिसलं.

केरबाच्या मागं, दोन हातांच्या अंतरावर, कुणीतरी उभं होतं. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, म्हणून कमरेपर्यंतच दिसत होतं. निळी जीन पँट. बूट. उजव्या बुटात नाडीच्या जागी पिवळी दोरी.

सम्राटनं आपल्या पायांकडं बघितलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा पायांकडं.

त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी हे बूट कोल्हापुरात होते. त्या बुटांत हेच पाय होते. मैदानाच्या कडेला, हजार माणसांत, ओरडून ओरडून घसा बसला होता. त्याचा फोटोही मित्राच्या फोनमध्ये होता.

त्यानं ते कार्ड काढून समोरच्या कॅमेऱ्यातलं जुनं कार्ड घातलं. तीच तारीख, बारा वाजून दहा. हा पलीकडच्या बाजूनं घेतलेला. केरबाचं तोंड स्पष्ट दिसत होतं. मान वळवून, वर, मागं बघत होता. तोंड उघडं. विचारत होता. आणि हसत होता, असा की दात दिसत होते. कुणीतरी परत आलं म्हणून माणूस हसतो तसा.

तो ज्याच्याकडं बघत होता, तिथं कुणी नव्हतं. नुसता पाचोळा.

पुढचा फोटो. बारा पंचवीस. वाटेच्या कडेला केरबा मांडी घालून बसलेला, पुढ्यात दोन डबे उघडे. त्यातला एक पलीकडं सरकवलेला, कुणाच्या तरी समोर.

पुढचा. बारा अठ्ठेचाळीस. केरबा ओढ्याच्या उताराकडं वळलेला. कामाची वाट सोडून केरबा कधी कुठं जायचा नाही. पण तो निघाला होता, हात पुढं करून, कुणाच्या तरी मागोमाग.

सम्राटनं पुन्हा पहिलं कार्ड घातलं. बारा अठ्ठेचाळीसचा फोटो लावला. केरबाच्या पुढं, उतारावर, पिवळ्या दोरीचा बूट.

त्यानंतर केरबा त्या कार्डात नव्हता, संध्याकाळी गोळा झालेली माणसं तेवढी होती.

सम्राट ऐनाच्या बुंध्याशी बसला. किती वेळ, ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. जे खोटं तो सगळ्यांना सांगत आला होता, ते कार्डात खरं होऊन बसलं होतं. आता ठेचायची गरज नव्हती. उद्या पडद्यावर लावलं तर वहिनी म्हणेल, बघ, होतास की तू. खिजर पाठ थोपटेल. त्याला हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. फक्त त्याला एवढंच कळत होतं की दादा उतार उतरला तो सम्राटच्या मागं. सम्राट परत आला म्हणून खूश होऊन उतरला. आणि तो सम्राट नव्हता.

किरकिर पुन्हा थांबली तेव्हा तो उठला. कार्डं खिशात कोंबली आणि पळत सुटला. या वेळी त्यानं मागची पावलं मोजली नाहीत. मागं पावलं नव्हतीच. आवाज फक्त त्याचाच येत होता, आणि उतार उतरताना त्याला कळलं की हेच जास्त वाईट आहे. जे मागं होतं ते आता मागं नव्हतं.

वाटेत त्यानं ठरवलं. वहिनीला सांगायचं. सगळं. मी नव्हतो. मॅचला गेलतो. दादाला एकटं सोडलं. गवा काय खातोय व्हय तुला, हे माझं त्याला शेवटचं बोलणं. तिनं चपलेनं मारलं तरी चालेल. घरातून हाकललं तरी चालेल. पण तिनं ते त्याच्या तोंडून ऐकायला हवं, त्या फोटोच्या तोंडून नव्हे.

गाडीजवळ पोचला तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. गावात शिरला तेव्हा दिवेलागण झाली होती. अर्ध्या तासाचं काम.

वहिनी दाराबाहेर मोरीच्या दगडावर बसून भांडी घासत होती. आतून क्रांतीची काहीतरी बडबड ऐकू येत होती. सम्राट गाडी लावायची विसरला; ती आडवी पडली. तो वहिनीच्या समोर जाऊन उकिडवा बसला.

"वैनी..."

"मागल्या दारानं कवा भाईर पडलास?" वहिनीनं मान वर न करता विचारलं. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मऊ झाला होता. "पडून ऱ्हा म्हटलं न्हवं जरा."

"वैनी, मला सांगायचंय. मी त्या दिवशी..."

"आता पुन्हा नको." तिनं राखेचा हात पाण्यात बुडवला. "सांगितलंस की मघाशी समदं. मॅचचं बी सांगितलंस. लई रडलास. मी बी रडले." "राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण सांगितलंस ते बरं केलंस. मोकळा झालास. न्हायतर गेलं पंधरा दिवस अन्नाला शिवत नव्हतास, आज कसा चार भाकऱ्या जेवलास."

तिनं ताट निथळून दगडावर पालथं घातलं. सम्राटचं ताट. लख्ख.

सम्राटला बोलायचं होतं. सोळा दिवस जी माफी मागायला तो धजला नव्हता, ती कुणीतरी मागून गेलं होतं, आणि मिळवूनही गेलं होतं. त्याची नजर दाराकडं गेली. उंबऱ्याशी बूट काढून ठेवलेले होते. जोडीनं, नीट. सम्राट कधी नीट ठेवत नसे. उजव्या बुटात नाडीच्या जागी पिवळी दोरी, आणि तळव्याला ओला पाचोळा. भैरीच्या रानात त्या दिवसांत थेंबभर पाणी नव्हतं.

"वैनी," तो कसाबसा पुटपुटला, "क्रांती कुणाबरोबर..."

आत, चुलीपासून सोप्याकडं, फरशीवर लहान तळव्यांचा आवाज आला. थप. थप. थप. मग तो थांबला.

"लागला का?" क्रांतीनं विचारलं.

सम्राटनं ओरडायला तोंड उघडलं. पोरीला कुणीतरी आधी उत्तर द्यायला हवं होतं, त्यानं द्यायला हवं होतं. पण आवाज फुटला नाही.

आतल्या अंधारातून, थोड्या कंटाळलेल्या सुरात, सम्राटचा आवाज म्हणाला,

"लागला."

पोर खिदळत उठल्याचं ऐकू आलं.

वहिनीचा हात थांबला. तिनं मान वर केली. आधी दाराकडं बघितलं. मग समोर बसलेल्या सम्राटकडं बघितलं, पहिल्यांदाच, नीट. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा मऊपणा हळूहळू गळून गेला. ती बसल्या जागेवरून वीतभर मागं सरकली, आणि मग तिची नजर त्याच्या तोंडावरून खाली, खाली, त्याच्या पायांकडं गेली. तिथंच ठरली.

सम्राटला मात्र खाली बघायचं धाडस झालं नाही.